मांजराच्या पिलाची रात्रपाळी

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणजे ठराव सर्वानुमते मंजूर होतो, काम मात्र कोणी अंगावर घेत नाही. वीस-पंचवीस वर्षे सामाजिक कार्यात वावरताना या म्हणीचा अर्थ आम्ही पुष्कळदा अनुभवला आहे. सभेत टाळ्या शंभर हातांनी पडतात. सतरंज्या उचलायला चारच हात उरतात. घरातही याहून निराळे नसते. दया एकाला येते आणि त्या दयेचे धुणे-पुसणे दुसऱ्याच्या वाट्याला जाते. बहुधा घरातल्या बाईच्याच. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या घरी मांजराचे एक पिलू आले आणि त्या निमित्ताने आमच्या कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले. ते वाचकांपुढे, विशेषतः माता-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही राहतो विक्रोळीला, कन्नमवार नगरात. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा. आम्ही एका कचेरीत लिपिक, सहचारिणी घरी शिवणकाम करतात, मुलगी तेव्हा दहावीत, मुलगा सातवीत, म्हातारी आई, आणि त्या वर्षी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आमची धाकटी बहीण. तिला सातवा महिना लागला होता. अशा भरल्या घरात आणखी एक जीव आणायचा म्हणजे जागेचा प्रश्न होता, पैशाचा होता, आणि सर्वांत मोठा प्रश्न वेळेचा होता.

जुलैचा दुसरा आठवडा. दोन दिवस पावसाची झड लागलेली. संध्याकाळी सातच्या सुमारास मुलगा धावत वर आला आणि म्हणाला, जिन्याखाली विजेच्या मीटरांजवळ काहीतरी चिंचिं करतेय. खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर गोणपाटावर मुठीत मावेल एवढे काळेभोर पिलू. डोळे नुकते उघडलेले, कान डोक्याला चिकटलेले. मुलाने हात पुढे केला तसे सहचारिणींनी त्याला मागे ओढले. ‘‘थांब. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. आई आणायला गेली असंल, तर आपण चोर ठरू.’’

ही सात घरांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तिच्यात तथ्य आहे. मांजरीला जागा धोक्याची वाटली की ती पिले मानेला धरून एकेक करून हलवते. अशा वेळी एखादे पिलू तासन्‌तास एकटे दिसते. ते पोरके झाले असे समजून माणसे उचलतात आणि आईपासून तोडतात. म्हणून पिलू कोरड्या जागी असेल, अंगाला ऊब असेल, कुत्र्यांचा किंवा वाहनांचा धोका नसेल, तर लांबून काही तास वाट पाहावी. सहचारिणींनी घरातून मूठभर पीठ आणले आणि गोणपाटाभोवती पिठाचे बारीक कडे ओढले. मांजर येऊन गेले तर पिठात पावलांचे ठसे उमटणार. आम्ही दर अर्ध्या तासाने जिन्यावरून डोकावत होतो. अकरा वाजता पिठाची रेघ जशीच्या तशी होती. पिलाचे रडणे मात्र थांबले होते. रडणे थांबले म्हणजे पिलू झोपलेच असे नसते. कित्येकदा ते गारठलेले असते. हात लावला तर पोट गार.

मुलांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही सहचारिणींकडे. त्या म्हणाल्या, ‘‘माझी ना नाही. पण आधी पाळ्या लावा, मग पिलू वर आणा. दिवसाचं काम आपोआप घरी असणाऱ्याच्या अंगावर पडतं. तेव्हा रात्र तुमची.’’

आमचे वडील गिरणी कामगार. रात्रपाळी हा शब्द घरात लहानपणापासून रुळलेला. तरी त्या जिन्यात उभे राहून तो ऐकताना त्याचा अर्थ निराळा वाटला. आम्ही होकार दिला आणि पिलू वर आले.

कचेरीतल्या एका सहकाऱ्यांच्या घरी बरीच वर्षे मांजरे आहेत. त्यांना रात्रीच फोन लावला. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली की गारठलेल्या पिलाला दूध पाजू नका. आधी ऊब द्या. अंग थंड असताना पोटात गेलेले दूध पचत नाही, उलट जिवावर बेतते. बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवली. दुसरी बाजू मोकळी ठेवली, म्हणजे उष्णता जास्त झाली तर पिलाला सरकता येईल. तासाभराने ते हलू लागले. सकाळपर्यंत कोमट पाण्यात कालवलेल्या ग्लुकोजचे थेंब ओठांना लावत राहिलो. गायीचे दूध घरात होते, पण ते द्यायचे नाही असे सहकाऱ्यांनी बजावले होते.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पशुवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी पिलू काट्यावर ठेवले. वजन १९० ग्रॅम. मादी. वय सुमारे दोन आठवडे. वय कसे ओळखले, असे मुलाने विचारले, तेव्हा त्यांनी त्याला नीट समजावले. जन्मतः मांजराचे पिलू साधारण १०० ग्रॅमचे असते. सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहतात, त्याच सुमारास पुढचे बारीक दात दिसू लागतात आणि ते डुगडुगत चालू लागते. निरोगी पिलाचे वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढले पाहिजे. वाढ थांबली की काहीतरी बिघडले, मग पिलू वरून कितीही हुशार दिसो.

गायीचे दूध का नाही, तेही त्यांनी सांगितले. त्यातली दुग्धशर्करा पिलांना नीट पचत नाही आणि जुलाब होतात. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गायीच्या दुधापेक्षा जास्त असतात. म्हणून पिलांसाठी वेगळी दूधभुकटी मिळते, ती आणावी. पाजायचे ते सुई काढलेल्या सिरिंजने किंवा छोट्या बाटलीने, थेंबाथेंबाने. पिलू पोटावर पालथे असावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजले, तर दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते. दर तीन तासांनी पाच-सहा मिलिलिटर. आणि प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने खालची जागा हळुवार पुसायची, कारण एवढ्या लहान पिलाला आपले आपण लघवी-शौच होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर तिच्या जिभेचे काम कापसाला करावे लागते.

दर तीन तासांनी म्हणजे दिवसात आठ पाळ्या. घरी येऊन आम्ही कचेरीतल्या हजेरीपत्रकासारखा तक्ता आखला आणि भिंतीवर लावला. सकाळी सहा, रात्री बारा आणि पहाटे तीन या आमच्या. सकाळी नऊ आणि दुपारी बारा सहचारिणींच्या. दुपारी तीन मुलाची. संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ मुलीच्या. पुढे एक वही ठेवली. वेळ, किती प्याले, शौच झाले की नाही, सकाळचे वजन आणि पाजणाऱ्याची सही. सहीचा रकाना पाहून मुले हसली. पण लिपिकाच्या नोकरीने आम्हाला एक शिकवले आहे की सही कोणाची हे ठरले नाही, तर ते काम कोणाचेच नसते.

त्याच सकाळी आमच्या इमारतींची सफाई करणाऱ्या ताईंकडून पिलाची हकीकत कळली. आई काळी-पांढरी मांजर होती. ताई रोज आपल्या डब्यातला घास तिला घालत. दोन दिवसांपूर्वी पूर्व द्रुतगती महामार्गाजवळ गाडीखाली ती गेली. पिले तीन होती. दोन पावसातच गेली. त्या म्हणाल्या, ‘‘हे तिसरं कुठं लपलं होतं ते सापडेना मला. मी कालबी शोधलं.’’ आमच्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडे. त्या मांजरीचे काय झाले हे त्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते फक्त त्या ताईंना.

आता घरातल्या विरोधाविषयी. शेजारच्या आजींनी दारातूनच पाहिले आणि कपाळाला हात लावला. ‘‘बाळंतीण व्हायची पोर घरात, आणि काळं मांजर आणलंत?’’ आमच्या आईचा चेहरा उतरला. आई तशी जुन्या समजुती मानणारी नाही. पण लेकीच्या पोटातल्या बाळाचा प्रश्न आला की माणसाचा धीर सुटतो. ‘‘बाहेर ठेवा त्याला. आपल्याला कशाला उगं इषाची परीक्षा,’’ ती म्हणाली. अशा वेळी म्हाताऱ्या माणसांना ‘तुमची अंधश्रद्धा’ म्हणून झिडकारणे सोपे असते. त्याने भीती जात नाही, फक्त बोलणे बंद होते. आम्ही आईला म्हणालो, काळे मांजर आपल्याकडे अशुभ, आणि जपानात तेच शुभ मानतात. एकाच रंगाने एका देशात वाईट आणि दुसऱ्या देशात चांगले कसे होईल? तरी तिचे समाधान झाले नाही. तेव्हा बहीणच म्हणाली, ‘‘दादा, मांजरापासून गरोदर बाईला खरंच काही होतं का, ते डॉक्टरांना विचार ना. उगाच वाद कशाला?’’

तिचे म्हणणे रास्त होते. भीती फेटाळायची तरी तपासून फेटाळावी. आम्ही बहिणीला ज्यांच्याकडे दाखवत होतो त्या डॉक्टरांना आणि पशुवैद्य बाईंना, दोघींनाही विचारले. उत्तर ऐकून आम्ही सगळेच सावध झालो. मांजराच्या रंगाने काही होत नाही, पण मांजराच्या विष्ठेतून एक रोग खरोखर येऊ शकतो. त्याचे नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. गरोदरपणात तो पहिल्यांदा झाला, तर गर्भाला इजा पोहोचू शकते. मात्र त्याचे जंतू विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच बाधा करीत नाहीत. त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढली, ती गरोदर बाईने काढली नाही आणि हात साबणाने धुतले, तर धोका फार कमी होतो. मांजराला ही बाधा मुख्यतः उंदीर-पाखरे किंवा कच्चे मांस खाल्ल्याने होते. नुसत्या भुकटीच्या दुधावर वाढणाऱ्या पिलाकडून तिचा संभव कमी. उलट माणसाला हा रोग अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीपाल्यातूनही होतो, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. म्हणजे खोट्या भीतीपायी आपण मांजर घराबाहेर काढले असते, आणि खरा धोका भाजीच्या टोपलीत तसाच राहिला असता.

मग तक्त्यात सुधारणा झाली. बहिणीने पिलाच्या घाणीला हात लावायचा नाही. तिच्याकडे वही द्यायची. ती वजने मांडू लागली. घाण रोज सकाळी आम्ही काढायची. भाजी दोनदा धुवायची. आईने सगळे ऐकून घेतले. पिलू घरात राहिले, पण आई त्याच्याजवळ जात नव्हती.

त्याचे नाव मुलीने ठेवले. जांभळांचे दिवस होते, आणि उन्हात पाहिले तर त्याच्या काळ्या केसांवर जांभळी झाक दिसे. म्हणून जांभळी.

चार दिवस बरे गेले. वजन २१४ ग्रॅमपर्यंत चढले. पाचव्या दिवशी दुपारी सहचारिणी रेशनला गेल्या असताना शेजारचे एक चिमुरडे घरात आले आणि त्याने मोठ्या मायेने ड्रॉपरने तिला वाटीभर गायीच्या दुधातले थोडे पाजले. त्या लेकराला काय कळणार? रात्रीपासून जुलाब सुरू झाले. सकाळी वजन १९८, संध्याकाळी १९१. एवढ्याशा देहातून वीस-पंचवीस ग्रॅम जाणे म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे पाच-सहा किलो जाण्यासारखे. पशुवैद्य बाईंनी कातडीखाली सलाइन दिले. पाठीवर उंटासारखे मदार उठले. त्या म्हणाल्या, ‘‘पाणी टिकलं तर पिलू टिकेल. आजची रात्र दर तासाला बघा. मी खात्री देत नाही.’’

त्या आठवड्यात आमच्या कचेरीत लेखापरीक्षणाचे पथक बसले होते. दुसऱ्या दिवशी रजा मिळणे शक्य नव्हते. रात्री बारा, एक अशी पाळी चालू होती. दोनच्या सुमारास भिंतीला टेकलेली आमची मान कलली असावी. जाग आली ती खोका सरकल्याच्या आवाजाने. आई खोक्याजवळ बसली होती. तिने पिलू पदरात घेतले होते आणि सिरिंज कशी धरायची ते विचारत होती.

‘‘झोप तू. मला तसंबी झोप येत न्हाई.’’

आम्ही तिला पालथे धरायला दाखवले. थेंब टाकता टाकता ती बोलू लागली. ‘‘तुझ्या आधी एक पोरगा झाला व्हता मला. बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडायच्या कामावर व्हते मी. सुकडी मिळायची, ती खायची अन्‌ दगड फोडायचे. पोराला झाडाखाली फडक्याच्या झोळीत ठिवायचं. हगवण लागली. तिसऱ्या दिवशी गेला.’’ थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘‘तवा कुणी तोलून बघितलं न्हवतं रं. किती पानी गेलं, किती ऱ्हायलं, कुणी मोजलं न्हवतं. तुमी या मांजरीला मोजताय ते बगून मला राग यायचा. अन्‌ आता वाटतं, बरं करताय.’’

आम्हाला आधी एक भाऊ झाला होता, एवढे अर्धवट माहीत होते. तो कसा गेला, हे आईने कधी सांगितले नव्हते. पुढे आम्ही वाचले की १९७१ साली, म्हणजे त्या दुष्काळाच्या एकच वर्ष आधी, पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले होते. उपाय घरातल्या डब्यातला होता. पण तो खडीच्या कामापर्यंत, आमच्या आईच्या झोळीपर्यंत पोहोचला नव्हता. ज्ञान असणे आणि ते शेवटच्या माणसाच्या हातात पोहोचणे, यांत किती अंतर असते ते त्या रात्री आम्हाला कळले.

सकाळी बहिणीने वजन घेतले. १९१. कमी झाले नव्हते. त्या दिवसापासून तक्त्यात पहाटे तीनच्या घरात आईचे नाव लागले. सही म्हणून ती अंगठा उठवी. मग मुलीने तिला नावाचे पहिले अक्षर काढायला शिकवले, आणि महिनाभरात वहीत तिचे पूर्ण नाव येऊ लागले.

जांभळी वाचली. आठवड्याने वजन २६० झाले. कान उभे राहिले, दात आले. महिनाभराची झाल्यावर दुधात भिजवलेले खाद्य खाऊ लागली आणि रात्रपाळी संपली. जंताचे औषध दर पंधरा दिवसांनी दिले. आठव्या आठवड्यानंतर मांजरांच्या साथीच्या रोगांची लस, ती काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, आणि तीन महिने झाल्यावर रेबीजची लस. मधल्या काळात मुलाला तिचे नख लागून रक्त आले. जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतली आणि महापालिकेच्या रुग्णालयात नेऊन लसीचे सर्व डोस पूर्ण केले. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असा पुष्कळांचा समज आहे. तो मांजरापासूनही होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून ‘घरचेच तर मांजर’ म्हणून कोणी चालढकल करू नये. हळद किंवा चुना लावून तर मुळीच बसू नये.

औषधांविषयीही एक सूचना. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान असते. तिचा तुकडाही देऊ नये. कुत्र्यांच्या गोचिडांवरची जी औषधे असतात, त्यांतल्या पर्मेथ्रिन असलेल्या औषधांनी मांजर दगावते. जो डॉक्टर प्राण्यांचा, त्यालाच विचारावे. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय ऐकून ठाऊक असेल. ते १८८३ सालचे आहे. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे जनावरांवर शास्त्रीय उपचार करण्याची सोय आपल्या शहरात सव्वाशेहून अधिक वर्षे आहे.

खर्च किती झाला, असे पुष्कळांनी विचारले. वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने हिशेब ठेवला होता. दूधभुकटी, सिरिंज, डॉक्टरांची फी, सलाइन, औषधे मिळून पहिल्या महिन्यात २,८०० रुपये. आमच्यासारख्या घराला ही रक्कम थोडी नाही. पण त्या महिन्यात सहा माणसांनी मिळून जे जागरण केले, त्याची किंमत कोणत्याच रकान्यात मांडता आली नाही.

जांभळी सहा महिन्यांची होत आली, तेव्हा डिसेंबरात तिची नसबंदी करून घेतली. यावर काही मंडळी म्हणाली की मुक्या प्राण्याचे मातृत्व हिरावून घेणे क्रूरपणाचे आहे. त्यांना आम्ही त्या जिन्याखालचा हिशेब सांगितला. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. सुमारे नऊ आठवड्यांत विते. एका वेळी तीन-चार पिले. त्यातली किती जगतात? आमच्या जिन्याखाली तिघांतले एक जगले, तेही सहा माणसे पाळीला उभी राहिली म्हणून. जी पिले आपण जगवू शकत नाही ती जन्माला न येणे, हीही दयाच आहे.

मग इमारतीच्या बैठकीत विषय मांडला. आवारात आणखी चार मादी मांजरी होत्या. वर्गणी काढून त्यांचीही नसबंदी करावी असा ठराव आला. सर्वानुमते मंजूर. टाळ्या. आणि पुढे तोच जुना प्रश्न, की मांजरी पकडायच्या कोणी? त्या कोणाच्याच हाती लागत नव्हत्या. येत होत्या फक्त सफाईच्या ताईंच्या हाकेला. कोणीतरी म्हणाले, ‘‘सांगा की त्यांना, त्या देतील पकडून.’’ तेव्हा सहचारिणी उभ्या राहिल्या. ‘‘देतील. पण त्यांच्या कामाच्या वेळेबाहेर, आणि त्याचे पैसे वर्गणीतून. त्यांची माया आहे म्हणून त्यांचे श्रम फुकट नाहीत.’’ बैठक क्षणभर शांत झाली. मग तोही ठराव झाला. ताईंनी चार रविवारी चार मांजरी पकडून दिल्या. नेण्या-आणण्याची पाळी चार बिऱ्हाडांनी वाटून घेतली. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली एकही पिलू रडले नाही.

कायद्याचेही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, आणि भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडून देणे हा त्यात गुन्हा आहे. पिलांची गोणी बाजाराच्या मागे किंवा नाल्याकाठी टाकून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांतल्या एका कर्तव्यात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे सांगितले आहे. तिथे शब्द कर्तव्य असा आहे. कर्तव्य म्हटले की त्याला वेळ आली, पाळी आली, आणि आपली सही आली.

बहिणीला सप्टेंबरच्या अखेरीस मुलगी झाली. वजन दोन किलो सातशे. माय-लेकी सुखरूप. शेजारच्या आजी बाळ पाहायला आल्या, तेव्हा जांभळी खिडकीत बसली होती. आजींनी तिच्याकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला मात्र पदराच्या टोकाला बांधून बोंबलाचा तुकडा घेऊन आल्या. बाळ महिन्याचे झाल्यावर बहीण सासरी निघाली, तेव्हा तिने आमच्याकडे ती वही मागितली. जांभळीची पाने संपली होती तिथे तिने नवे पान सुरू केले होते. बाळाचे वजन, लशींच्या तारखा, आणि रात्री बाळ रडले तर कोणी उठायचे त्याचा रकाना. त्या रकान्यात तिने एक दिवसाआड आपल्या नवऱ्याचे नाव लिहिले होते. जावईबापूंनी ते वाचले, हसले, आणि खाली सही केली.

वाचकहो, पावसाळ्यात तुमच्याही जिन्याखाली, दुकानाच्या फळीखाली, उभ्या गाडीच्या चाकाजवळ एखादे पिलू रडेल. लगेच उचलू नका. आईची वाट पाहा. गारठलेले असेल तर आधी ऊब द्या, मग दूध; आणि गायीचे दूध नको. शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना दाखवा. आपल्या ओळखीच्या कोणाला त्याची पाळी घेता येईल का ते विचारा. आणि घरात आणायचे ठरलेच, तर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी भिंतीवर तक्ता लावा. रात्रीचे तीन कोणाचे, ते आधी लिहा.